झाकून ठेवलेले पाणी

भोपाळात नेहरूनगरच्या अंगाने भदभद्याच्या रस्त्याकडे निघाले की कोटरा सुल्तानाबाद ही वस्ती लागते. नाव नवाबी, पण वस्ती नोकरदारांची. सरकारी क्वार्टरे, त्यांना लागून पेन्शनीच्या पैशांतून उठलेली दुमजली घरे, दारात तुळस आणि स्कूटर. १९५६ साली भोपाळ राजधानी झाले तेव्हा नागपूरहून, ग्वाल्हेरहून, इंदूरहून कचेऱ्याच्या कचेऱ्या उठून या शहरात आल्या, आणि त्यांच्यामागून मराठी कारकून, ओव्हरसियर, शाळामास्तर आणि नर्सबाईही आल्या. त्यांची तिसरी पिढी आता घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी बोलते. आपल्यासारख्या संस्थानी गावांत मुरलेल्या घराण्यांना ही मंडळी कालपरवाची वाटतात. पण साठ-सत्तर वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे.

या कोटऱ्यात मी दर शनिवारी दोन शिकवण्या करतो. त्यांपैकी एक घर मराठी ख्रिस्ती. घरातील आजी मूळच्या अहमदनगरकडच्या (त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात), आयुष्यभर नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या घरी रविवारी संध्याकाळी पाचसहा कुटुंबे प्रार्थनेस जमतात. पेटी होती, गाणारे होते, पण चाली ज्याच्या त्याच्या घरच्या. एकाचा अंतरा दुसऱ्याच्या मुखड्याला भेटत नसे. म्हणून कोणीतरी माझे नाव सुचविले, आणि तीन वर्षांपूर्वी आजींचा निरोप आला की, मास्तर, आमची भजने एका सुरात आणून द्या.

मी आनंदाने गेलो. आणि हेही कबूल करावयास हवे की, ख्रिस्ती भजने शिकवावयास जातो ही गोष्ट मी चारचौघांत जरा मोठ्यानेच सांगत असे. दरबारी गवयाचा मुलगा, ग्वाल्हेरची गायकी आणि असा उदार! ऐकणाराही मान डोलवी. त्या डोलणाऱ्या मानेची मला गोडी लागली होती.

त्यांच्याकडे ‘उपासना संगीत’ हे जुने जीर्ण पुस्तक होते. त्यात दोन जातींची गाणी आहेत. एक, इंग्रजी चालींवर मराठी शब्द बसविलेली. ती गाताना मराठीचे ऱ्हस्व-दीर्घ पार कोलमडतात. दीर्घ अक्षर अर्ध्या मात्रेत चिरडले जाते आणि ऱ्हस्वाला उगाच चार मात्रा ताणावे लागते. दुसरी जात नारायण वामन टिळकांच्या रचनांची. ‘वनवासी फूल’ लिहिणारे, फुलामुलांचे कवी म्हणून आपण शाळेत वाचलेले हेच ते रेव्हरंड टिळक. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात, पदात आणि कीर्तनात आणले. ही पदे तोंडात घेतली की कळते, या माणसाच्या कानात टाळ-मृदंग होता. धुमाळी लावा, भजनी ठेका लावा, शब्द आपल्या जागी आपण होऊन बसतात. काळी पाचच्या पट्टीत आजींच्या नातीने पहिले पद उचलले तेव्हा माझा हात पेटीवर क्षणभर थांबला होता. नातीविषयी पुढे सांगावयाचे आहे.

पहिल्याच दिवशी आजींनी पाण्याचा पेला आणून ठेवला. स्टीलचा, स्वच्छ, वर छोटी बशी. मी म्हणालो, “गाण्याआधी मी पाणी घेत नाही, आजी.” गाणे झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारले. मी म्हणालो, “गळा तापलेला असतो, लगेच नको.” चहाला म्हणालो, पित्त होते. पुढच्या शनिवारी पेला होताच. त्याच्या पुढच्या शनिवारीही होता. सुमारे दोन वर्षे तो पेला त्याच तिपाईवर, तशीच बशी झाकून, माझी वाट पाहात राहिला. आजींनी कधी आग्रह केला नाही, आणि आणावयाचे थांबविलेही नाही.

मला कोणी त्या वेळी विचारले असते की, बुवा, तुम्ही जात मानता का, तर मी रागावलो असतो. आणि तो राग खरा असता, हीच तर गंमत! मी खरोखरच समजत होतो की गाण्याआधी पाणी न पिणे हा माझा गायकीचा नियम आहे. माणूस दुसऱ्याशी खोटे बोलतो तेव्हा त्याला निदान ठाऊक असते. स्वतःशी बोललेले खोटे फार सुरेल लागते.

एके दिवशी, पावसाळ्याचे दिवस होते, मी त्यांच्याकडची शिकवणी आटोपून दोन घरे पलीकडच्या दुसऱ्या शिकवणीस गेलो. ते घर आपल्यापैकीच. गेल्या गेल्या पाणी मागितले आणि लागोपाठ दोन पेले घटाघट प्यालो. दुसरा पेला तोंडाला असतानाच दारात आजींची नात उभी दिसली. माझे चष्म्याचे घर त्यांच्याकडे राहिले होते, ते द्यावयास ती भिजत आली होती. तिने ते पुढे केले, “सर, हे राहिले होते,” म्हणाली आणि गेली. बस्स, एवढेच. पण मला तो दुसरा पेला पुरा करवला नाही.

पुढच्या शनिवारी पेला नेहमीच्या जागी होता. शेजारी एक पुस्तक होते. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. आजी म्हणाल्या, “मास्तर, टिळकांची पदं शिकवता, तर हे बी वाचून बघा सवडीनं.” नातीने त्यांना काही सांगितले होते की नाही हे मला आजतागायत माहीत नाही, आणि विचारण्याचे धैर्यही झालेले नाही.

‘स्मृतिचित्रे’ मी वाचलेली होती. आपल्यापैकी कोणी वाचलेली नाहीत? १९३४ पासून पुढे काही वर्षांत चार भागांत हे पुस्तक निघाले. १९८२ साली विजया मेहता यांनी त्याचे दूरदर्शनसाठी चित्र केले, त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. आमच्या घरी आईच्या कपाटात ते पुस्तक रामविजयाशेजारी होते, आणि आई ते वाचताना हसत असे, म्हणून मीही ते विनोदी पुस्तक म्हणूनच वाचले होते. विक्षिप्त नवरा, न सांगता घरातून निघून जाणारा, हातातले पैसे कोणालाही देऊन टाकणारा, आणि त्याच्यामागे संसार गोळा करीत फिरणारी खमकी बायको. या खेपेस वाचताना हसू आले, पण ते घशातच राहिले.

प्रारंभच पाहा. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीनंतर फाशी झाली, आणि त्यापुढे त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. वेड म्हणजे खरोखरीचे वेड. मीठसुद्धा धुवून घ्यावयाचे! त्या धुण्यात घर कसे होरपळले हे बाई अशा सुरात सांगतात की वाचणाऱ्याला वाटावे, शेजारच्या घरची गोष्ट चालली आहे. मीही पूर्वी तशीच वाचली होती. मीठ धुणाऱ्या म्हाताऱ्याला हसताना पेला परतविणाऱ्या मास्तरांची आठवण होण्याचे मला कारणच नव्हते.

पुढील हकीकत थोडक्यात सांगतो. टिळक हे संस्कृत जाणणारे, कीर्तनाची हौस असलेले, देशाचे भले कशाने होईल या विचाराने झपाटलेले गृहस्थ. सगळ्यांना एकत्र करील असा नवाच धर्म आपण काढावा, इथवर त्यांची मजल गेली होती. १८९३ च्या सुमारास ते राजनांदगाव संस्थानात नोकरीस निघाले असता आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी गाठ पडली. त्याने बायबलाचा नवा करार हाती दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडले. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर काय कोसळले असेल ते सांगावयास नको. लहान मुलगा कडेवर, माहेरचे-सासरचे लोक, पंढरपूरचे दिवस, वेडाच्या कडेपर्यंत गेलेले मन. काही वर्षे नवराबायको विभक्त होती.

मग त्या परत आल्या, पण आपला धर्म घेऊन आल्या. नवरा ख्रिस्ती, पण त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी त्यावर जबरदस्ती केली नाही. (या माणसाच्या हजार दोषांवर हा एक गुण पुरून उरतो असे मला वाटते.) आणि मग ती रात्र येते, जिच्यासाठी मी हे सारे सांगत आहे. बाईंना झोप येईना. जात देवाने केली की माणसाने, एवढा एकच प्रश्न घेऊन त्या बसल्या. कोणी पाद्री समोर नव्हता, कोणी वाद घालीत नव्हते. देवाने केली असती तर जनावरांच्या जाती दिसतात तशी माणसांवरही काही खूण दिसती, अशा साध्या घरगुती मार्गाने त्या निघाल्या आणि उत्तरापर्यंत पोचल्या. उजाडल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खावयास-प्यावयास सुरुवात केली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो यानंतर. माझ्या लेखी हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा.

अशी रात्र मी काढलेली नव्हती. का नव्हती, याचा विचार करू लागलो तेव्हा मला वडिलांचे घर आठवले. वडील ग्वाल्हेर दरबारच्या अखेरच्या वर्षांत अगदी कोवळ्या वयात सेवेस लागले होते, आणि मी त्यांचे उतारवयातील अपत्य. दरबार गेला होता, पण आमच्या माडीवरून तो उतरला नव्हता. बैठकीला साथीदार येत, त्यांत सारंगिये आणि तबलजी मुसलमान असत. त्यांच्या कपबशा कोनाड्यात वेगळ्या. काठाला निळी रेघ असलेल्या. लहानपणी मला त्या कपबशा फार आवडत; पाहुण्यांसाठी खास ठेवल्या आहेत असा माझा समज होता. वडील त्या खाँसाहेबांना वाकून नमस्कार करीत, त्यांच्यासाठी लोड सरकवीत. ग्वाल्हेरची सारी विद्या हद्दू खाँ, हस्सू खाँ यांच्या घराची. आपल्या ब्राह्मणांनी ती त्यांच्या मुखातून घेतली आणि डोक्यावर मिरविली. मुखातले गाणे घेतले, हातचे पाणी घेतले नाही. आणि आमच्या घरात याला कोणी भेद म्हणत नव्हते. त्याला रीत म्हणत.

निळ्या रेघेच्या कपबशा आता माझ्या घरी नाहीत. मी आधुनिक मनुष्य आहे. कपबशांऐवजी माझ्याकडे तापलेला गळा आणि पित्त होते.

आजींची आणि माझी यानंतर पुष्कळ बोलणी झाली. पाण्याची नव्हेत, पुस्तकाची. आजींच्या आजी १८९७ च्या दुष्काळातल्या. त्या साली पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतात येऊन उपाशी मुली गोळा केल्या, त्यांतली ही एक पोर. पुढे १८९८ मध्ये केडगावास ‘मुक्ती’ उभी राहिली, तेथेच ती वाढली, शिकली. म्हणजे आमच्या मध्यप्रदेशातून गेलेली मुलगी आणि तिची पणती-खापरपणती पुन्हा मध्यप्रदेशातच! आजींच्या घरात अशी कथा चालत आली आहे की, १९०५ च्या जून अखेरीस केडगावच्या मुली एकाएकी रडू लागल्या आणि आपापले अपराध मोठ्याने सांगू लागल्या. केडगावच्या त्या जागृतीची हकीकत पुष्कळ ठिकाणी छापलेली आहे. आजींच्या आजीने आपण कोठीतला गूळ चोरल्याचे सांगितले होते, हे मात्र फक्त या घरात माहीत आहे. “गुळासाठी इतकं रडायचं?” असे मी म्हणालो. आजी म्हणाल्या, “गूळ दुसऱ्या पोरीच्या नावावर गेला होता ना, मास्तर. तिला छडी बसली होती.”

त्यांच्यामुळेच मी रमाबाईंची साक्ष वाचली. १९०७ साली त्यांनी आपल्या आयुष्याची हकीकत इंग्रजीत लिहिली, ती. मला वाटले होते, येथे धर्मांतराचा विजयोत्सव असेल. निघाले भलतेच. बाप अनंतशास्त्री डोंगरे, आई, भावंडे, सारे कुटुंब पुराणे सांगत तीर्थांतून हिंडत असे. मद्रासकडच्या दुष्काळात त्यांचे जवळचे सर्व संपले. त्या प्रसंगाविषयी रमाबाई लिहितात त्याचा भाव असा की, आम्ही विद्वान ब्राह्मण. हलके काम करावयास आणि भीक मागावयास आमचा अभिमान आड येत होता, आणि पोटासाठी प्रामाणिकपणे राबावे कसे ते आम्हाला कोणी शिकविले नव्हते. आईबाप भुकेने गेले अशा ठिकाणी कोणतीही मुलगी नशिबाला बोल लावील, सरकारला लावील, देवाला लावील. ही बाई स्वतःच्या अभिमानावर बोट ठेवते.

आणि तिचे बोट ख्रिस्ती झाल्यावरही थांबत नाही. बाप्तिस्मा १८८३ सालचा, इंग्लंडात वाँटेज येथे. त्यानंतर आठेक वर्षे गेली. पुण्या-मुंबईत शारदासदन चालले, साऱ्या देशात नाव झाले, निंदा झाली, स्तुती झाली. आणि ती लिहिते की, या साऱ्या काळात मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो १८९१ च्या सुमारास मिळाला. जिने धर्मासाठी समाज सोडला, शिव्या खाल्ल्या, तिने जगजाहीर सांगावे की ते माझे अजून वरवरचेच होते! मी तेथे पुस्तक मिटून बसलो. मी तीस वर्षे गातो आहे. माझे गाणे वरवरचे होते असे मी छापून सांगेन काय?

आपल्याकडे पापाची कबुली नाही असे नव्हे. आपल्या नित्याच्या पूजेतही आहे. पण ती संस्कृतात आहे आणि पाठ आहे, त्यामुळे आपल्याला लागत नाही. मी आजींना विचारले, तुमच्याकडे हे कसे चालते? त्या म्हणाल्या, प्रभुभोजनाच्या आधी थोडा वेळ सगळे गप्प बसतात. पौलाने करिंथच्या लोकांना लिहिलेल्या पत्रातली आज्ञा आहे, आधी स्वतःला पारखा आणि मग भाकरी घ्या. “ती पाच मिनिटं मला नको वाटतात बघा,” आजी म्हणाल्या. “दुसऱ्यांचीच पापं आठवत्यात. आपलं आठवायला लई जोर लागतो.”

गाणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रणात पहिल्यांदा ऐकतो तो दिवस कोणताही गवई विसरत नाही. हा मी नव्हेच, यंत्र बिघडले असेल, असे वाटते. आपला गंधार किंचित चढा लागतो हे वर्गातल्या सगळ्या मुलांना माहीत असते. मास्तरांना माहीत नसते. बाहेरचा काहीतरी लागतो: तानपुरा, यंत्र, शत्रू किंवा देव.

पाण्याचे मी एका शनिवारी उरकून टाकले. उरकून टाकले असेच म्हणतो. गेलो, बसलो, पेल्यावरची बशी काढली आणि पाणी प्यालो. कोमट होते. आजींनी काही म्हटले नाही. रिकामा पेला उचलून नेला आणि भरून आणून ठेवला. मला वाटले होते काहीतरी होईल, मन हलके होईल. तसे काही झाले नाही, कारण मला तोवर ठाऊक झाले होते की पेला ही त्यातली लहान गोष्ट होती.

मोठी गोष्ट ती मुलगी. मी प्रथम गेलो तेव्हा ती चौदाची होती. आवाज तार पंचमापर्यंत न ओढता जाणारा, कान असा की एकदा ऐकलेली हरकत दुसऱ्यांदा ऐकावी लागू नये. असा विद्यार्थी मास्तराला आयुष्यात दोनतीनदाच मिळतो. मी तिला दोन वर्षे काय शिकविले? भजने. फक्त भजने. एकदा आजींनी विचारले होते, “हिला तुमचं ते मोठं गाणं नाही का शिकवायचं?” मी म्हणालो, “तिचा पिंड भजनाचा आहे, आजी. तेच खुलू द्या.” केवढे गुळगुळीत वाक्य! त्याच काळात पलीकडच्या घरातल्या मुलाला, ज्याचा षड्ज लागण्यासाठी पंधरा मिनिटे जात, मी यमनाचा बडा ख्याल देत होतो. गुरुपौर्णिमेस माझ्या वर्गाचा गाण्याचा कार्यक्रम असतो. दोन्ही वर्षे त्यात तिचे नाव नव्हते. ती एकदा श्रोत्यांत येऊन बसली होती. शेवटच्या रांगेत.

वडिलांची चिजांची वही माझ्याकडे आहे. घरची चीज पात्र पाहून द्यावी, असे ते म्हणत. पात्र या शब्दाचा त्यांच्या मनात काय अर्थ होता ते मला माहीत आहे, आणि तो मी कधी बदलून घेतला नव्हता. माझ्या मनात मी तिला नाकारले नव्हते. तिचा विचारच केला नव्हता. नाकारण्यासाठी निदान विचार तरी करावा लागतो.

हे मी आजींना सांगितले. नातही समोर बसली होती; तिच्यासमोरच सांगितले, कारण तिच्यामागे सांगितले असते तर ते पुन्हा पेल्यासारखेच झाले असते. वाक्ये नीट झाली नाहीत. दोनदा ‘वेळ मिळाला नाही’ असे तोंडातून निघाले आणि दोन्ही वेळा मी ते मागे घेतले.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या परवानगीने येथे देतो. त्यांची थोरली सून त्यांच्याच मंडळीतली, ख्रिस्तीच. पण तिचे पूर्वज ज्या जातीतून आले ती यांच्या पूर्वजांच्या जातीहून हलकी समजली जाणारी. लग्नानंतर सहा वर्षे आजींनी तिच्याकडून पीठ मळून घेतले नाही. भांडी, कपडे, झाडलोट सगळे; पीठ नाही. “रोज बायबल वाचत होते मी,” त्या म्हणाल्या. “आणि प्रभूची भाकरी तिच्या शेजारी बसून घेत होते. सहा वर्षं. तिनं एकदा बी विचारलं नाही.” ती सून आता नाही. हीच या मुलीची आई. हे ऐकताना मुलगी आजीकडे पाहात नव्हती. तिला ते नवीन नसावे.

मला तेव्हा टिळकांची अखेरची वर्षे आठवली. १९०४ साली ते पाद्री झाले, ‘ज्ञानोदया’च्या मराठी भागाचे संपादन केले, शेकडो पदे लिहिली, आणि तरी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास बसले. तेथे त्यांनी जे काढले त्याचे नाव ‘देवाचा दरबार’. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघेही त्यात बसू शकत. ९ मे १९१९ रोजी ते वारले, त्यामुळे तो दरबार फार काळ भरला नाही. दरबार या शब्दावर माझे आयुष्य पोसले आहे. माझ्या मनातल्या दरबारात पहिला प्रश्न कोण कोठे बसणार हाच असतो. पाद्रीपण, वेतन, मान हे सारे मिळाल्यानंतरही या मनुष्याला आपण जेथे बसलो आहोत ती जागा चुकली आहे असे वाटू शकले, तेही छपन्नाव्या वर्षी. मला अजून त्या वयास पोचावयास काही वर्षे आहेत.

मी ख्रिस्ती झालेलो नाही, आणि आजींनीही कधी तसे सुचविले नाही. घरी रोजची पूजा होते. हे एवढ्यासाठी सांगितले की हा लेख वाचून काही नातेवाईक विचारावयास येतील, त्यांचे हेलपाटे वाचावेत.

मुलीला मी विचारले, यमन सुरू करूया का? तिने थोडा वेळ पेटीच्या पट्ट्यांवरून बोट फिरविले आणि म्हणाली, “सर, पण आता माझी बारावी आहे.” तिच्या आवाजात राग नव्हता. क्षमाही नव्हती. मी म्हणालो, जसे जमेल तसे. ती म्हणाली, “बरं.”

त्याला आता सात महिने झाले. भजने ठरल्याप्रमाणे चालू आहेत. प्रार्थनेच्या मंडळींचा अंतरा आता मुखड्याला येऊन मिळतो. ती मात्र यमनास चार शनिवारांतून एखादा शनिवार बसते. तीव्र मध्यम तिला पहिल्याच दिवशी लागला, पण मधल्या दोन वर्षांत जो स्वर सहज ठरला असता तो आता मेहनतीने ठरवावा लागत आहे, आणि मेहनतीला तिला वेळ नाही. परीक्षेनंतर ती बाहेरगावी नर्सिंगला जाणार असे आजी म्हणतात; अजून नक्की नाही. ज्या शनिवारी ती येत नाही त्या दिवशी मी त्यांच्या बैठकीत तानपुरा लावून बसतो, आणि आजी आतून दिवाबत्तीच्या वेळेची त्यांची पदे म्हणत असतात. संध्याकाळची साडेपाचची वेळ मी अद्याप दुसऱ्या कोणास दिलेली नाही.